शिकागोतले पोलीस गोळीबार: आधी कागद, मग पुरावा

४ डिसेंबर १९६९. शिकागोच्या पश्चिम भागात वेस्ट मन्‍रो स्ट्रीटवर २३३७ क्रमांकाच्या घरावर भल्या पहाटे चौदा पोलिसांनी छापा घातला. आत ब्लॅक पँथर पार्टी या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेचे कार्यकर्ते झोपले होते. फ्रेड हॅम्प्टन हा २१ वर्षांचा तरुण नेता आणि मार्क क्लार्क हा त्याचा सहकारी, दोघे जागीच ठार झाले. 'आतून जोरदार गोळीबार झाला, म्हणून आम्हाला प्रत्युत्तर द्यावं लागलं,' असं सरकारी पक्षाने सांगितलं. आठवडाभरात 'ट्रिब्यून' या मोठ्या वर्तमानपत्रात फोटो आले. दारावरचे काळे ठिपके म्हणजे पँथर्सच्या गोळ्यांची भोकं, असं त्यांच्यासोबत सांगितलेलं. दुसऱ्या वर्तमानपत्राचे बातमीदार त्या घरात गेले, दाराला हात लावून पाहिला, आणि ती भोकं म्हणजे खिळ्यांची डोकी निघाली.

हे पाहता आलं ते एका चुकीमुळे. छाप्यानंतर पोलिसांनी घराला सीलच ठोकलं नव्हतं. पँथर्सनी दार उघडं ठेवलं, लोक रांग लावून येऊ लागले आणि कोणत्या भिंतीत कुठल्या बाजूने भोकं पडली आहेत ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहू लागले. १९७०मध्ये फेडरल, म्हणजे केंद्राच्या, ग्रँड ज्युरीने (खटला भरण्याइतका पुरावा आहे का ते पाहणारं नागरिकांचं मंडळ) हिशेब मांडला: पोलिसांच्या ८२ ते ९९ गोळ्या, आतून एक. त्याआधीच, त्या वर्षीच्या जानेवारीत, कॉरोनरच्या (संशयास्पद मृत्यूचं कारण ठरवणारा अधिकारी) ज्युरीने 'समर्थनीय हत्या' असा शेरा मारून विषय संपवला होता.

शिकागोच्या पोलीस गोळीबारांचा इतिहास वाचताना ही जोडी पुन्हापुन्हा भेटते. आधी एक अधिकृत कागद तयार होतो. मग एखादी जड, मुकी वस्तू त्या कागदाला खोटं पाडते: कधी फिल्मचं रीळ, कधी दाराची फळी, कधी शवविच्छेदनाचा अहवाल. ती वस्तू कोणाच्या ताब्यात होती आणि बाहेर यायला किती वेळ लागला, यावर पुढचं सगळं ठरतं. आपल्याकडे 'एन्काउंटर' या शब्दाला जो वास आहे तो इथे आणू नये. अमेरिकेतले बहुतेक गोळीबार आखून केलेले नसतात. रस्त्यावर अडवलेली गाडी, गल्लीतला पाठलाग, घरातल्या भांडणावरून आलेला फोन अशा साध्या प्रसंगातून ते काही सेकंदांत घडतात. हॅम्प्टनचं प्रकरण यात वेगळं, कारण तिथे एफबीआयच्या खबऱ्याने घराचा नकाशा आधीच पुरवलेला होता.

इतिहासाची सुरुवात संपांपासून होते. १८७७च्या रेल्वे संपात शिकागोच्या हॅल्स्टेड रस्त्याच्या परिसरात पोलीस आणि सैन्याच्या कारवाईत सुमारे ३० माणसं मेली. ३ मे १८८६ला मॅकॉर्मिक कारखान्याच्या फाटकाबाहेर संपकऱ्यांवर गोळ्या चालल्या. दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकात सभा होती. तिथे बॉम्ब पडला आणि अंधारात पोलिसांनी बेछूट गोळीबार केला. आपण १ मेला कामगार दिन पाळतो त्याचं मूळ याच आठवड्यात आहे. पण त्या काळातही पोलिसांच्या हातून झालेले बहुतेक मृत्यू संपातले नव्हते. १८७५ ते १९२० या काळात शिकागोच्या पोलिसांनी ३०७ माणसं मारली, म्हणजे शहरातल्या दर १८ हत्यांमागे एक. यातली बरीच पळणारी होती. संशयित पळतोय, थांब म्हटलं तर थांबत नाही, म्हणून गोळी; तेव्हाच्या कायद्याला त्यात फारसं वावगं वाटत नव्हतं.

३० मे १९३७. मेमोरियल डेचा रविवार. शहराच्या आग्नेय टोकाला रिपब्लिक स्टील कारखान्याजवळच्या मोकळ्या मैदानात संपकरी बायकामुलांसह मोर्चाने निघाले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा माणसं मेली. 'जमाव हिंसक होता, कारखाना ताब्यात घ्यायला आला होता,' हा पहिला कागद. कॉरोनरच्या ज्युरीने त्यावर 'समर्थनीय' असा शिक्का मारला. मात्र पॅरामाउंट कंपनीचा न्यूजरीलवाला त्या दिवशी कॅमेरा घेऊन हजर होता. दंगली उसळतील असं कारण देऊन कंपनीने ते रीळ दाबून ठेवलं. सिनेटर ला फॉलेट यांच्या समितीने ते मागवून घेतलं, खासदारांसमोर चालवलं आणि जखमांचा तपशील काढला. दहापैकी सात जणांना जीवघेणी गोळी पाठीत लागली होती, तिघांना बाजूने, समोरून एकालाही नाही. हल्ला करायला येणाऱ्याच्या पाठीत गोळी कशी लागते, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तरी एकाही पोलिसावर खटला झाला नाही.

आता यंत्रणा समजून घेऊ, नाहीतर पुढची नावं डोक्यावरून जातील. मुंबईचे पोलीस राज्याच्या गृहखात्याखाली येतात, महापालिकेचा त्यांच्याशी संबंध नाही. शिकागोत उलट आहे. पोलीसदल शहराचं, त्याचा प्रमुख, म्हणजे सुपरिंटेंडंट, महापौर नेमतो आणि काढतो. फौजदारी खटला चालवायचा की नाही हे ठरवणारा स्टेट्स ॲटर्नी मात्र कुक काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, आणि तो मतदान करून निवडलेला असतो. गंमत म्हणजे रोजच्या कामात या वकिलाला त्याच पोलिसांच्या साक्षीवर खटले जिंकायचे असतात. हॅम्प्टनच्या घरावर छापा घालणारे चौदा पोलीस तर थेट स्टेट्स ॲटर्नी एडवर्ड हॅनराहन यांच्याच पथकातले होते. न्यायात अडथळा आणल्याचा खटला हॅनराहन यांच्यावर चालला, ते सुटले, पण १९७२च्या निवडणुकीत मतदारांनी त्यांना घरी बसवलं. मृतांचे नातेवाईक आणि वाचलेले कार्यकर्ते यांना १९८२मध्ये साडेअठरा लाख डॉलर मिळाले. फेडरल सरकार, काउंटी आणि शहर या तिघांनी मिळून ती रक्कम भरली.

शहराला कोर्टात खेचता येणं हेही आपोआप आलेलं नाही. १९५८मध्ये शिकागोचे तेरा पोलीस पहाटे जेम्स मन्‍रो यांच्या घरात दार तोडून घुसले आणि मुलाबाळांदेखत त्यांना विवस्त्र उभं केलं. १९६१मध्ये 'मन्‍रो विरुद्ध पेप' या निकालात सुप्रीम कोर्टाने १८७१च्या जुन्या नागरी हक्क कायद्याला जीव दिला: पोलिसाने वर्दीच्या जोरावर घटनात्मक हक्क मोडला तर फेडरल कोर्टात दिवाणी दावा लावता येईल. मात्र दावा पोलिसावर, शहरावर नाही. शहराला यात ओढायचा रस्ता १९७८च्या दुसऱ्या एका निकालाने उघडला, तोही शहराचं धोरण किंवा रूढ पद्धत दोषी असल्याचं सिद्ध झालं तरच. आज शिकागोतल्या जवळपास प्रत्येक वादग्रस्त गोळीबारातून जो दावा निघतो तो याच कलमाखाली. भरपाई पोलिसाच्या खिशातून जात नाही. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयच्या कायद्याने ती शहर भरतं, म्हणजे करदाता. दंडात्मक रक्कम तेवढी पोलिसाच्या माथी राहते.

गोळी झाडण्याचे नियम दोन निकालांवर उभे आहेत. १९८५चा 'टेनेसी विरुद्ध गार्नर': मेंफिसमध्ये कुंपणावर चढून पळणाऱ्या पंधरा वर्षांच्या निःशस्त्र मुलाला पोलिसाने गोळी घातली होती. कोर्टाने सांगितलं की निव्वळ पळतोय म्हणून मारता येणार नाही. त्याच्यापासून गंभीर धोका आहे असं मानायला ठोस आधार हवा. १९८९चा 'ग्रॅहम विरुद्ध कॉनर': बळाचा वापर योग्य होता की नाही ते, त्या क्षणी तिथे उभ्या असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेतून तपासायचं, मागाहून सुचलेल्या शहाणपणातून नाही. या दुसऱ्या वाक्यावर अमेरिकेतल्या पोलिसांचा बचाव तीन दशकं उभा आहे. 'मला वाटलं त्याच्या हातात पिस्तूल आहे' हे वाक्य म्हणूनच प्रत्येक जबाबात येतं. ते खोटंच असतं असं नाही. खरं असो वा खोटं, कायद्याला नेमकं तेच लागतं. मे २०२५मध्ये 'बार्न्स विरुद्ध फेलिक्स' निकालात सुप्रीम कोर्टाने एकमताने एक भर घातली: फक्त गोळी झाडतानाचा क्षण कापून पाहू नका, तिथवर प्रकरण कसं आलं तेही पाहा.

चौकशी कोणी करायची यावर शिकागोत पन्नास वर्षं भांडण चालू आहे. एप्रिल १९६८मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर दंगली झाल्या. तेव्हा महापौर रिचर्ड डेली यांनी जाळपोळ करणाऱ्यांना ठार करा आणि लुटारूंना जायबंदी करा, असा आदेश आपण दिल्याचं पत्रकारांसमोर सांगितलं होतं. डेलींच्याच पक्षयंत्रणेतले काँग्रेसमन राल्फ मेटकाफ (१९३६च्या ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सच्या मागोमाग १०० मीटरला रौप्यपदक मिळवणारे धावपटू ते हेच) १९७२मध्ये बिथरले. निमित्त होतं प्रतिष्ठित कृष्णवर्णीय दंतवैद्यांना पोलिसांनी दिलेल्या वागणुकीचं. त्यांनी जाहीर सुनावण्या घेतल्या आणि त्या रेट्यातून १९७४मध्ये ऑफिस ऑफ प्रोफेशनल स्टँडर्ड्स उभं राहिलं. तपास करणारे नागरिक होते, पण वर पोलीसप्रमुखच. २००७मध्ये त्याला खात्यातून काढून महापौरांखाली आणलं आणि नाव दिलं इंडिपेंडंट पोलीस रिव्ह्यू ऑथॉरिटी, ऊर्फ इप्रा. या इप्राने २००७पासून आठ वर्षांत ४००च्या आसपास गोळीबार तपासले आणि चुकीचे ठरवले फक्त दोन. निष्कर्ष बदलायला नकार देणाऱ्या तिथल्या एका तपास अधिकाऱ्याला २०१५मध्ये कामावरून काढलं. तो कोर्टात गेला आणि २०१८मध्ये ज्युरीने त्याला २८ लाख डॉलर द्यायला लावले. पाटी बदलून काम बदलत नाही, हे शिकागोकराला एव्हाना पाठ आहे. सप्टेंबर २०१७पासून तिसरी पाटी आहे: सिव्हिलियन ऑफिस ऑफ पोलीस अकाउंटेबिलिटी, ऊर्फ कोपा.

मधल्या काळातली एक रात्र सांगायलाच हवी. ४ जून १९९९च्या रात्रीपासून ५ जूनच्या पहाटेपर्यंत, काही तासांच्या फरकाने, दोन वेगवेगळ्या ठिकाणी गाडीच्या पाठलागानंतर दोन निःशस्त्र तरुण मारले गेले. लटान्या हॅगर्टी २६ वर्षांची होती, गाडीत शेजारच्या सीटवर बसलेली. तिच्या हातातला मोबाइल पोलिसाला शस्त्र वाटला. रॉबर्ट रस २२ वर्षांचा, विद्यापीठाच्या फुटबॉल संघातला. हॅगर्टीच्या कुटुंबाला शहराने १ कोटी ८० लाख डॉलर दिले. पैसे देणं आणि चूक कबूल करणं या शिकागोत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तडजोडीच्या कागदावर 'दोष मान्य नाही' असं वाक्य ठरलेलं असतं.

आता २० ऑक्टोबर २०१४. या एका प्रकरणात सगळी यंत्रणा उघडी पडते. शहराच्या नैर्ऋत्य भागात ट्रकच्या आवारात कोणीतरी गाड्या फोडतंय असा फोन आला. लक्वान मॅकडोनाल्ड, वय १७, हातात तीन इंची पात्याचा चाकू. त्याने पोलिसांच्या गाडीच्या टायरवर चाकू चालवला आणि पुलास्की रोडवरून चालत सुटला. मागे असलेल्या पोलिसांनी रेडिओवर टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारं हत्यार, मागितला, कारण जवळ कोणाकडेच तो नव्हता. टेझर येईपर्यंत अंतर ठेवून मागे राहायचं, हे ते बरोबर करत होते. तेवढ्यात दुसरी गाडी आली. त्यातून उतरलेल्या जेसन व्हॅन डाइक याने सहाएक सेकंदांत गोळी झाडली आणि सोळा गोळ्या झाडून पिस्तूल रिकामं केलं. या सगळ्याला चौदा-पंधरा सेकंद लागले. त्यातला बहुतेक वेळ मुलगा जमिनीवर पडलेला होता.

पहिला कागद त्याच रात्री तयार झाला. बळ वापरलं की शिकागोचा पोलीस टॅक्टिकल रिस्पॉन्स रिपोर्ट नावाचा फॉर्म भरतो. त्यात चौकटीत खुणा करायच्या असतात: समोरच्याने हुकूम मानला नाही, हल्ला केला, शस्त्र वापरलं. त्याप्रमाणे खुणा झाल्या. हजर असलेल्या इतरांच्या जबाबांतही चाकू उगारून अंगावर आला असाच मजकूर. पोलीस युनियनच्या प्रवक्त्याने बातमीदारांना तेच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तेच छापून आलं. जागेवर डॅशकॅम, म्हणजे समोरचं टिपणारा कॅमेरा, असलेल्या पोलिसांच्या पाच गाड्या होत्या. एकाही रेकॉर्डिंगमध्ये बोलण्याचा आवाज नव्हता. पुढे चौकशीत कळलं की खात्यातल्या सुमारे ८० टक्के गाड्यांत आवाज टिपलाच जात नव्हता. कुठे माइक मोडलेले, कुठे मुद्दाम निकामी केलेले.

कागद फुटला तो दोन वस्तूंमुळे. फेब्रुवारी २०१५मध्ये जेमी काल्व्हन या पत्रकाराने शवविच्छेदनाचा अहवाल मिळवून छापला: सोळा जखमा, पुढून-मागून दोन्हीकडून. एक-दोन गोळ्यांची गोष्ट सांगितलेल्या शहराला सोळा हा आकडा पचला नाही. दुसरी वस्तू डॅशकॅमचं रेकॉर्डिंग. ते शहराने रोखून धरलं. १५ एप्रिल २०१५ला, महापौरांच्या फेरनिवडणुकीनंतर आठवड्याने, सिटी कौन्सिलने चर्चेशिवाय ५० लाख डॉलरची तडजोड मंजूर केली; कुटुंबाने तोवर दावाही लावलेला नव्हता. मग ब्रँडन स्मिथ या मुक्त पत्रकाराने माहिती अधिकाराच्या कायद्याखाली कोर्ट गाठलं आणि न्यायाधीशांनी रेकॉर्डिंग द्यायचा हुकूम केला. २४ नोव्हेंबर २०१५ला, घटनेनंतर ४०० दिवसांनी, ते बाहेर आलं. व्हॅन डाइकवर खुनाचा आरोप ठेवला गेला तोही त्याच दिवशी. चित्रात मुलगा पोलिसांपासून तिरका, दूर जाताना दिसतो. मग गोल फिरून पडतो, आणि पडलेल्या अंगाजवळून धुळीचे बारीक लोट उठत राहतात.

निकालाचं गणितही समजून घ्यायला हवं, कारण त्यावर बराच गोंधळ आहे. ऑक्टोबर २०१८मध्ये ज्युरीने त्याला दुसऱ्या दर्जाच्या खुनाबद्दल दोषी धरलं. इलिनॉयमध्ये याचा अर्थ असा की, आपण स्वसंरक्षण करतोय असं त्याला मनापासून वाटलं असेल, पण ते वाटणं अवाजवी होतं. शिवाय बंदुकीने गंभीर इजा केल्याचे सोळा आरोप सिद्ध झाले, एका गोळीमागे एक. या इजेच्या प्रत्येक आरोपाला किमान सहा वर्षं आहेत. न्यायाधीशांनी मात्र शिक्षा फक्त खुनाच्या कलमावर मोजली आणि ती आली ८१ महिने. या कलमाला चांगल्या वर्तणुकीबद्दल निम्मी सूट मिळते, म्हणून तो फेब्रुवारी २०२२मध्ये सुटला. कामावर असताना केलेल्या खुनाबद्दल शिकागोच्या पोलिसाला शिक्षा होण्याची ही जवळपास पन्नास वर्षांतली पहिली वेळ होती. खोटे अहवाल लिहिण्याचा कट केल्याचा आरोप असलेले तिघे पोलीस जानेवारी २०१९मध्ये निर्दोष सुटले.

कलम चुकलं की काय होतं, ते रेकिया बॉइडच्या प्रकरणात दिसलं होतं. मार्च २०१२मध्ये कामावर नसलेल्या एका डिटेक्टिव्हने गाडीत बसून, खांद्यावरून मागे गोळ्या झाडल्या. २२ वर्षांची रेकिया मेली. सरकारी वकिलांनी आरोप ठेवला निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचा. एप्रिल २०१५मध्ये बचाव पक्षाने साक्षी काढण्याआधीच न्यायाधीशांनी खटला निकाली काढला: माणसांवर नेम धरून गोळी झाडणं हे मुद्दाम केलेलं कृत्य आहे, निष्काळजीपणा नाही, त्यामुळे हा आरोप टिकत नाही. खुनाचा आरोप ठेवलेलाच नव्हता. हलकं कलम लावलं म्हणजे शिक्षेची खात्री वाढते, हा सरकारी वकिलांचा नेहमीचा हिशेब इथे साफ उलटला.

लक्वानच्या रेकॉर्डिंगनंतर पोलीसप्रमुखांना महापौरांनी घालवलं, स्टेट्स ॲटर्नी मार्च २०१६मध्ये पक्षांतर्गत निवडणूक हरल्या, आणि फेडरल न्यायखात्याने तेरा महिने तपास करून जानेवारी २०१७मध्ये अहवाल दिला. इलिनॉयच्या ॲटर्नी जनरलने शहरावर दावा लावला, त्यातून कन्सेंट डिक्री आली: शहराने सुधारणांची लांबलचक यादी मान्य करायची, फेडरल न्यायाधीशाने आणि स्वतंत्र मॉनिटरने ती पाळली जाते का हे तपासत राहायचं. १ मार्च २०१९पासून ती लागू आहे. पाच वर्षांचा अंदाज होता, २०२२मध्ये तीन वर्षं वाढवून दिली.

तर आज शिकागोत पोलिसाच्या गोळीने माणूस मेला की काय होतं? रेडिओवर कळवायचं, ॲम्ब्युलन्स बोलवायची, मग कोपाचे तपासनीस जागेवर येतात. राज्याच्या २०१६पासूनच्या कायद्यानुसार अशा मृत्यूचा तपास त्या पोलीसदलाबाहेरच्या किमान दोघांनी करायचा असतो. गोळी झाडणारा पोलीस ३० दिवस रस्त्यावरच्या कामातून बाहेर, कचेरीत. शवविच्छेदन काउंटीच्या मेडिकल एक्झामिनरकडे. १९३७ आणि १९७०मध्ये शिक्के मारणारं कॉरोनरचं निवडणुकीचं पद १९७६मध्येच गेलं. मेडिकल एक्झामिनरच्या दाखल्यावर 'होमिसाइड' असं लिहून येतं आणि सोशल मीडियावर 'खून सिद्ध झाला' म्हणून आरडाओरड होते. तसं नाही. तिथे या शब्दाचा अर्थ एवढाच की मृत्यू दुसऱ्या माणसाच्या हातून झाला. गुन्हा आहे की नाही ते डॉक्टर सांगत नाही.

पुढे तीन वाटा समांतर चालतात आणि एकमेकींत अडकतात. फौजदारी वाट स्टेट्स ॲटर्नीची. खातेनिहाय वाट कोपाकडून सुपरिंटेंडंटकडे आणि बडतर्फीचा प्रश्न असेल तर नऊ सदस्यांच्या पोलीस बोर्डापुढे. तिसरी दिवाणी दाव्याची. अडकण्याचं कारण १९६७चा गॅरिटी निकाल: नोकरी जाईल अशा धाकाने पोलिसाकडून घेतलेला जबाब फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. म्हणून खात्याने घाईने जबाब घेतला तर खटला बिघडू शकतो, आणि खटल्याची वाट पाहिली तर खातेचौकशी वर्षानुवर्षं रखडते. त्यात युनियनच्या करारात २४ तासांची मुभा आली: गोळीबारानंतर चोवीस तास उलटेपर्यंत पोलिसाला जबाब द्यायला लावायचं नाही. मन स्थिर व्हायला वेळ लागतो, हे युनियनचं म्हणणं. जबाब जुळवून घ्यायला वेळ मिळतो, हे टीकाकारांचं. सामान्य संशयिताला कोणी चोवीस तास देत नाही, एवढं खरं.

आकड्यांकडे जाऊ. फक्त मृत्यू मोजले तर चित्र तोकडं पडतं. २०१० ते २०१५ या सहा वर्षांत शिकागोच्या पोलिसांनी ४३५ वेळा गोळीबार केला आणि निदान २,६२३ गोळ्या झाडल्या. त्यातल्या २०० प्रसंगांत कोणालाच लागली नाही. उरलेल्या २३५ प्रसंगांत २६२ माणसांना लागली. १७० वाचली, ९२ मेली. म्हणजे गोळी लागलेल्यांपैकी साधारण तिघांत एक मेला. मेला की वाचला हे नेम, अंतर आणि ट्रॉमा सेंटर किती जवळ आहे यावर. पोलिसाचा निर्णय मात्र ४३५ही वेळा तोच होता, गोळी झाडण्याचा. शहरांची तुलना करताना 'ठार' आणि 'गोळीबार' हे रकाने वेगळे धरले नाहीत तर निष्कर्ष हमखास चुकतो. देशपातळीवर तर २०१५पर्यंत धड मोजणीच नव्हती: एफबीआयकडे पोलीसदलं मर्जीने आकडे पाठवत, पाठवलेच तर. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने बातम्या चाळून स्वतः मोजणी सुरू केली तेव्हा वर्षाला हजाराच्या आसपास मृत्यू निघाले, सरकारी आकड्याच्या दुपटीहून जास्त.

आणि वंशाचा रकाना. २००८ ते २०१५मध्ये शिकागो पोलिसांच्या गोळ्या लागलेल्या ४०४ माणसांपैकी २९९ कृष्णवर्णीय होती, ७४ टक्के. शहराच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा साधारण तृतीयांश. पोलिसांची बाजू म्हणते की तुलना लोकसंख्येशी नको, सशस्त्र गुन्ह्यांशी करा. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच: कोणत्या वस्तीत किती गाड्या अडवायच्या आणि किती पाठलाग करायचे हे पोलीसच ठरवतात, आणि गोळीबाराची संधी तिथूनच सुरू होते.

कॅमेऱ्याने हे सगळं सुटेल अशी आशा होती. २०१७अखेर शिकागोच्या बावीसही डिस्ट्रिक्टमध्ये बॉडी कॅमेरे आले. पण जुलै २०१६मध्ये पॉल ओनील या अठरा वर्षांच्या मुलाला ज्या पोलिसाची जीवघेणी गोळी लागली, नेमकं त्याच्याच कॅमेऱ्यात ती टिपली गेली नव्हती. एक तांत्रिक बारकावा माहीत हवा. कॅमेरा कायम चित्र घेत असतो, पण साठवत नाही. पोलिसाने बटण दाबलं की आधीची दोन मिनिटं आपोआप जोडली जातात, आवाजाविना. त्यामुळे रेकॉर्डिंगची पहिली दोन मिनिटं मुकी दिसली तर कोणी आवाज पुसला असं समजू नये. बटण त्यानंतर दाबलं गेलं, एवढंच ते सांगतं.

२९ मार्च २०२१ची पहाट, लिटल व्हिलेज वस्ती. गोळ्यांचा आवाज टिपणाऱ्या यंत्राने इशारा दिला, पोलीस आले, दोघं पळाले. गल्लीत पाठलाग. तेरा वर्षांचा ॲडम टोलेडो कुंपणाच्या फटीशी थांबतो, हातातलं पिस्तूल कुंपणाआड टाकतो, वळतो, हात वर करतो, आणि छातीत गोळी. हातात पिस्तूल दिसण्यापासून गोळीपर्यंत एका सेकंदापेक्षा कमी वेळ, ८३८ मिलिसेकंद. सुरुवातीला सरकारी बाजूने सांगितलं गेलं ते 'हातात शस्त्र होतं' असं. चित्राची एकेक चौकट थांबवून पाहिल्यावर हात रिकामे निघाले. पोलिसावर खटला भरला गेला नाही. कायद्याच्या चौकटीत ते समजण्यासारखं आहे: ग्रॅहमच्या कसोटीत ८३८ मिलिसेकंदांचा फायदा पोलिसाला मिळतो. खरा प्रश्न त्याआधीच्या वीस सेकंदांचा होता, अंधाऱ्या गल्लीत एकट्याने धावत जायचं का? शिकागोकडे तोवर पायी पाठलागाचं लेखी धोरणच नव्हतं. दोनच दिवसांनी दुसऱ्या पाठलागात अँथनी अल्व्हारेझ हा २२ वर्षांचा तरुण मारला गेला. कायमचं धोरण २०२२मध्ये आलं: किरकोळ गुन्ह्यासाठी किंवा केवळ पळतोय म्हणून मागे धावायचं नाही.

रेकॉर्डिंग आता साधारण ६० दिवसांत कोपाच्या साइटवर येतं, गरज पडल्यास आणखी ३० दिवसांची मुदत घेऊन. ते पाहताना गोळीचा क्षण पुन्हापुन्हा चालवण्यात अर्थ नाही. घड्याळ सुरू करायचं ते पोलीस गाडीतून उतरल्यापासून. गाडी का अडवली, किती जण होते, साध्या कपड्यांत होते का, आड घ्यायला जागा होती का, हुकूम एकाने दिला की पाच जण एकदम ओरडत होते, पहिली मलमपट्टी किती मिनिटांनी झाली. पोलीस एकाच वेळी वेगवेगळे हुकूम देतात ही फार नेहमीची चूक. 'हात वर कर' आणि 'हलू नकोस' हे दोन्ही एकदम पाळणं कोणालाच जमत नाही. आणि एकाने झाडली की शेजारचे झाडतात, आपल्यावरच गोळीबार होतोय असं समजून.

२१ मार्च २०२४ला हम्बोल्ट पार्कमध्ये डेक्स्टर रीड याची गाडी बिननिशाणीच्या गाडीतून आलेल्या, साध्या कपड्यांतल्या पाच पोलिसांनी अडवली. कारण सांगितलं सीटबेल्टचं. काचा खाली घे, वर करू नकोस, दार उघड, असे हुकूम सुरू झाले. कोपाच्या मते पहिली गोळी रीडनेच झाडली असं दिसतं; एका पोलिसाच्या मनगटाला ती लागली. मग चौघांनी ४१ सेकंदांत सुमारे ९६ गोळ्या झाडल्या. रीड गाडीतून बाहेर येऊन जमिनीवर पडल्यावरही त्या चालू होत्या. त्याचं पिस्तूल सापडलं ते गाडीतल्या पुढच्या सीटवर. इथे पोलिसांचा पहिला दावा, आपल्यावर आधी गोळी आली हा, रेकॉर्डिंगशी जुळतो. कोपाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी बोट ठेवलं ते त्याआधीच्या मिनिटावर: गाडीच्या काचा गडद होत्या, तर सीटबेल्ट लावलेला नाही हे पोलिसांना तेवढ्या अंतरावरून दिसलं कसं?